शॅक : वाळूवरचा हंगामी परवाना

गोव्याच्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे खाण्यापिण्याचा तात्पुरता मांडव, टाकता येतो, पक्का बांधता येत नाही. २०११च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद होती: सप्टेंबर ते मे एवढ्याच काळापुरत्या, निव्वळ तात्पुरत्या उभारण्या. म्हणून बांबूचे खांब, वर माडाच्या झावळ्या, सुंभाच्या गाठी. पावसाआधी गाठी सोडायच्या, खांब उपटायचे, वाळू मोकळी करायची. सिमेंटचा साधा चौथरासुद्धा खपवून घेऊ नये. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, पुढे परत आणून टाकतात, त्या येण्याजाण्याला जागा हवीच. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्या विणीच्या जागी अधिसूचनेने विकासकामांना सरसकट मनाई केली आहे.