गिझरच्या लेबलवरून काढा करंट आणि रेझिस्टन्स

गिझरवरचं लेबल वाचलंय कधी? २३० व्होल्ट, २००० वॅट. एवढ्या दोन आकड्यांवरून बाकी सगळं काढता येतं!

सूत्रं दोनच:
🔹 रोध म्हणजे रेझिस्टन्स (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
🔹 पॉवर (वॅट) = व्होल्टेज × करंट

पहिलं जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी ते १८२७ साली पुस्तकात मांडलं.

आता गिझर घेऊ.
👉 करंट: २००० ÷ २३० = सुमारे ८.७ अँपिअर. म्हणून त्याला ६ अँपिअरचा छोटा सॉकेट चालत नाही, १६ चाच लागतो.
👉 रोध: २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४ ओहम.

खरी गंमत पुढे आहे. व्होल्टेज २०० वर उतरलं तर? कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो, त्यामुळे करंटही घटतो: सुमारे ७.६ अँपिअर. पॉवर उरते जेमतेम १५१५ वॅट! व्होल्टेज १३ टक्के घटलं, पॉवर मात्र २४ टक्के. कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज कमी असताना पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळेच.

⚠️ हा सरळ हिशोब गिझर, इस्त्री, शेगडी अशा तापणाऱ्या उपकरणांचा. पंखा, पंप यांच्या मोटरला पॉवर फॅक्टरही धरावा लागतो. आणि चालू लाइनवर मीटर लावून रोध कधीही मोजू नका. आधी सप्लाय पूर्ण बंद करा.

तुमच्या इस्त्रीवर किती वॅट लिहिलंय? करंट काढून कमेंटमध्ये नक्की सांगा!