ॲपवरची कॅब आणि कोंडीचं गणित

‘ॲपवर कॅब मिळायला लागली, आता लोक गाड्या घेणार नाहीत आणि रस्ते मोकळे होतील.’ सोसायटीच्या बैठकीपासून वाहतुकीवरच्या परिसंवादापर्यंत हे वाक्य सतत कानावर पडतं. शहराविषयी कळकळ असलेली माणसंही ते ठामपणे सांगतात. पण ते खरं नाही.

साधा हिशोब करू. स्वतःच्या गाडीनं ८ किलोमीटरवरच्या ऑफिसला गेलात, तर रस्त्यावर गाडी ८ किलोमीटर धावते. कॅब मागवलीत, तर ती आधी दोन-तीन किलोमीटर रिकामी येते, तुम्हाला सोडते आणि पुढचं भाडं मिळेपर्यंत पुन्हा रिकामी फिरते. प्रवासी तेवढाच, धाव मात्र जास्त. पार्किंगची जागा वाचते, हे कबूल. रस्ता वाचत नाही. नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाडं किमान ३ किलोमीटरचं धरलं होतं, ते या रिकाम्या धावेची भरपाई म्हणूनच.

आकडे हवेत? सॅन फ्रान्सिस्कोत २०१० ते २०१६ या काळात कामाच्या दिवशी कोंडीत वाया जाणारे वाहन-तास ६२ टक्क्यांनी वाढले. ॲपवरच्या कॅब नसत्या तर ही वाढ २२ टक्क्यांवर थांबली असती, असं सांगणारा अभ्यास ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झाला. कॅब घेणारे येतात कुठून, तेही तपासलं गेलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या पाहणीचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ॲपवरच्या ४९ ते ६१ टक्के फेऱ्या एरवी झाल्याच नसत्या, किंवा पायी, सायकलनं, बस-ट्रेननं झाल्या असत्या, असं त्यांना आढळलं.

‘मुंबई म्हणजे अमेरिका नव्हे,’ असं यावर हमखास ऐकवलं जातं. बरोबर, नव्हे. इथं तर बहुतेक माणसं लोकल, बस आणि पायांवर अवलंबून आहेत. मग कॅबमध्ये बसणारा प्रत्येक जण स्वतःची गाडी घरी ठेवून आला, हे कशाच्या आधारावर मानायचं? संध्याकाळी वांद्रे-कुर्ला संकुलात पाहा. ऑफिसांच्या दारात इंडिकेटर लावून कॅब उभ्या असतात, डावी लेन त्यांनीच भरते आणि बहुतेकींत बसतो एकच जण. त्याच रस्त्यानं वांद्रे आणि कुर्ला स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात अनोळखी तिघं दाटीवाटीनं बसतात, सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. कोंडी कमी करायची तर एका गाडीत जास्त माणसं बसायला हवीत. गाडी फोनवरून मागवली की हात दाखवून, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘कॅब इलेक्ट्रिक झाल्या की प्रश्न मिटला.’ धूर मिटेल. इलेक्ट्रिक गाडीही सिग्नलला तेवढीच जागा अडवते.

‘गर्दीच्या वेळी कंपनी वाट्टेल तेवढं भाडं लावू शकते.’ केंद्राच्या सूचनांत मर्यादा आहे: २०२० मध्ये मूळ भाड्याच्या दीडपट, जुलै २०२५ पासून दुप्पट. अंमलबजावणी राज्यांकडे आहे, तेव्हा जाब तिथं विचारा.

‘शेअर रिक्षा म्हणजे बेकायदा धंदा.’ सरसकट नाही. ठरवून दिलेल्या मार्गावर, मंजूर दरानं चालणारी शेअर रिक्षा अधिकृत आहे. चौथी सीट भरणं मात्र नियमबाह्य.

‘कॅब आली, आता बसची गरज काय?’ हा गैरसमज सर्वांत महागात पडतोय. एकेकाळी ४,००० च्या वर असलेला मुंबईच्या ‘बेस्ट’चा बसताफा आज ३,००० च्या खाली आलाय. बस वेळेवर येईना म्हणून माणूस कॅब मागवतो, कॅब वाढल्या की रस्ता तुंबतो आणि त्या तुंबलेल्या रस्त्यात बस आणखी उशिरा येते.

रात्री उशिरा, सामान असताना, घरात आजारी माणूस असताना कॅब मोठा आधार आहे. ती जरूर घ्या. पण कोंडीवरचा उपाय म्हणून तिचं नाव पुढे करू नका. नगरसेवकाकडे जाल तेव्हा जास्त बस मागा, बससाठी राखीव लेन मागा आणि स्टेशनाबाहेर शेअर रिक्षांना नीट स्टँड मागा.