पैठणीपलीकडचे रेशीम
पैठणी विणण्याआधी रेशीम साबण-सोड्याच्या पाण्यात उकळतात. सेरिसिन हे चिकट प्रथिन निघून जाते, उरते फायब्रॉइन. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडातही सुताच्या जोडीला हेच रेशीम.

फायब्रॉइनमध्ये ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन ही छोटी अमिनो आम्ले पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे या प्रथिनाच्या साखळ्या घट्ट बिलगून स्फटिक बनतात. मधले सैल भाग ताण सोसतात. नायलॉनचा धागा काढायला नायलॉन २०० अंश सेल्सिअसहून जास्त तापवून वितळवावे लागते. रेशमाची अळी हे काम साध्या तापमानाला, पाण्यातल्या द्रावणातून करते! मला हीच खरी किमया वाटते.

शस्त्रक्रियेतले रेशमी टाके जुनेच. आता संशोधक फायब्रॉइन विरघळवून सच्छिद्र सांगाडे घडवतात, त्यांवर पेशी वाढवतात. पतंगाने भोक पाडलेला कोश सलग धाग्याला निरुपयोगी. विरघळवायला मात्र चालतो. जालन्याच्या कोश बाजाराने या वापराकडे जरूर पाहावे.