खांद्याचा सांधा

शरीरातील सर्व सांध्यांत खांद्याचा सांधा अधिक मोकळा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा खवाट्याच्या उथळ खोबणीत फिरतो. म्हणून हात चहूकडे वळतो. यास उखळीचा सांधा म्हणतात. खोबण उथळ असल्यामुळे तो जागच्या जागी राखण्याचे काम भोवतालच्या स्नायूंना करावे लागते. हात फार दिवस हलवला नाही, तर सांधा आखडतो. मग खुंटीवरची टोपी काढणेही कठीण होते. यासाठी रोज ताठ उभे राहून दोन्ही हात सावकाश दहा वेळा पुढून मागे व दहा वेळा मागून पुढे फिरवावेत. नंतर एक हात छातीवरून आडवा नेऊन दुसऱ्या हाताने हलकेच जवळ ओढावा. हिसका देऊ नये; दुखू लागल्यास थांबावे. रोज फिरणारा रहाट गंजत नाही; खांद्याचेही तसेच आहे.