आईला माफ करणारी अकरा गाणी

आईवरची गाणी आपल्याला काही नवी नाहीत. तिची माया, तिचे कष्ट, तिच्या पदराची ऊब... ऐकता ऐकता डोळे पाणावतात. पण ज्याची आई तो वर्षाचा असतानाच घर सोडून गेली, त्याने कोणते गाणे म्हणायचे? आणि पुढे ती वारली, तर त्याने रडायचे तरी कशासाठी?

अमेरिकन गायक सूफ्यान स्टीव्हन्स याच्यापुढे हा प्रश्न डिसेंबर २०१२ मध्ये उभा राहिला. त्याची आई कॅरी पोटाच्या कर्करोगाने गेली. नैराश्य, स्किझोफ्रेनिया आणि व्यसन यांनी तिचे आयुष्य पोखरून टाकले होते. मुलांच्या वाट्याला ती आली ती तुकड्यातुकड्यांनी. सूफ्यान पाच ते आठ वर्षांचा असताना तीन उन्हाळे भावंडांसह ऑरेगन राज्यातल्या यूजीन या गावी तिच्याकडे राहिला. तेव्हा लोवेल ब्रॅम्स हा तिचा नवरा होता. तो संसारही पाचेक वर्षांत मोडला. पण लोवेलने मुलांशी जुळलेले नाते तोडले नाही. पुढे सूफ्यानची गाणी काढणारी ‘अ‍ॅस्थमॅटिक किटी’ ही छोटी कंपनी या दोघांनी मिळूनच उभी केली. सावत्र बाप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते, त्यात हा माणूस कुठेच बसत नाही!

३१ मार्च २०१५ रोजी ‘कॅरी अँड लोवेल’ हा अल्बम आला. ११ गाणी, जेमतेम पाऊण तास. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून लोकगीतांच्या वळणाची साधी गाणी करण्याच्या या पद्धतीला तिकडे ‘इंडी फोक’ म्हणतात. यात ढोल नाही, गजर नाही. बोटांनी छेडलेली गिटार आणि कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज. काही भाग तर क्लॅमथ फॉल्स येथील हॉटेलच्या खोलीत चक्क मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रित केलेला आहे.

ऐकणाऱ्यांचे काय झाले?

समीक्षकांनी कौतुक केलेच. ‘पिचफोर्क’ने १० पैकी ९.३ गुण दिले. पण खरी नवलाची गोष्ट श्रोत्यांची. त्याच वर्षीच्या दौऱ्यात रंगमंचामागे सूफ्यानच्या घरच्या जुन्या चित्रफिती दाखवल्या जात आणि अंधारात बसलेली अनोळखी माणसे डोळे पुसत. कुणाला आपली गेलेली आई आठवली, कुणाला वडील. काही म्हणाले, एकदा ऐकले, पुन्हा धीर होत नाही. सगळे एकाच सुरात, फार खासगी आहे, असे म्हणून बाजूला ठेवणारेही भेटतात, आणि त्यांचे अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही. स्वयंपाक करताना मागे लावून ठेवण्याचा हा अल्बम नव्हे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच प्रतिक्रिया. ज्यांचे आईशी कधी पटलेच नाही, जी आई असून नसल्यासारखी होती, अशा मुलामुलींची. अशा आईच्या मृत्यूनंतर दु:ख होते, पण ते सांगायची चोरी असते. लोक म्हणणार, तिने तुझे केले तरी काय? या गाण्यांत राग आहे, माफी आहे, आणि जे कधी मिळालेच नाही त्याची ओढही आहे. ती ऐकून त्यांना आपले दु:ख उघडपणे दु:ख म्हणता आले.

दु:खी संगीताने बरे का वाटावे? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७७२ जणांना हेच विचारले होते. अशा संगीताने मनात सर्वांत जास्त वेळा काय जागे होते, तर उदासी नव्हे, जुन्या दिवसांची ओढ! आपल्याकडच्या रसिकांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये. करुण हा मुळी रसच आहे.

आणि स्वत: गायक? २०२५ मध्ये दहा वर्षे झाल्याबद्दल जुने कच्चे मुद्रण आणि ४० पानी चित्रपुस्तिका घालून नवी आवृत्ती निघाली. त्या वेळी मुलाखतीत सूफ्यानने सांगितले की, या अल्बमची त्याला लाज वाटते. ज्याला अर्थच नाही अशा गोष्टीत अर्थ शोधायला तो गेला होता, आणि कलावंत म्हणून तिथे फसला. म्हणजे ज्या गाण्यांनी हजारो अनोळखी लोकांचे मन हलके केले, त्यांनी त्याला स्वत:ला काहीच दिले नाही! तो म्हणतो ते खरे मानायलाच हवे. पण श्रोत्यांना मिळाले तेही खोटे नव्हते.

प्रथमच ऐकणार असाल तर दुसऱ्या गाण्यापासून सुरुवात करा. तीन-चार वर्षांच्या मुलाला आई व्हिडिओच्या दुकानात सोडून निघून गेली, अशी एक आठवण त्यात येते. अर्ध्यावर मात्र सूर अचानक उजळतात. शेवटी कळते, भावाला मुलगी झाली आहे.