होडीचा पंखा : जुना आणि नवा

आगबोट असो वा लहानशी यांत्रिक होडी असो, तिला पुढें ढकलणारा पंखा पाण्याखालीं असतो. आणि जें डोळ्यांना दिसत नाहीं त्याचा विचार करण्याचा प्रसंग आपणांवर सहसा येत नाहीं. वास्तविक जाळलेल्या तेलाचें चीज झालें कीं तें वायां गेलें, याचा निवाडा तेथेंच लागतो.

हा पंखा म्हणजे मूळचें मळसूत्रच. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज गृहस्थानें १८३६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढल्याच वर्षीं लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यांत प्रयोग चालू असतां त्याच्या लाकडी मळसूत्राचा एक तुकडा मोडून पडला, आणि होडी थांबण्याऐवजीं अधिक वेगानें धांवूं लागली! लांब मळसूत्राचीं आंखूड पातीं झालीं तीं अशीं.

एका फेऱ्यांत बारा इंच पुढें सरेल असा पंखा मिनिटाला हजार वेळां फिरविला, तर हिशेबानें होडी तासाला जवळजवळ १० सागरी मैल जावयास हवी. ती त्याहून बरीच कमी जाते. कारण पाणी लांकडाप्रमाणें घट्ट न राहतां मागें सरतें. पण या घसरणीला सर्वस्वी दोष देऊं नये. पाणी मागें लोटल्यावांचून होडी पुढें जाणारच नाहीं. थोडें पाणी जोरानें फेकलें काय, किंवा दुप्पट पाणी निम्म्या वेगानें लोटलें काय, रेटा तेवढाच मिळतो. मात्र पाण्याला द्यावी लागणारी शक्ति दुसऱ्या रीतींत निम्मीच लागते. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरविणें हाच काटकसरीचा खात्रीचा मार्ग होय. अडचण एवढीच कीं, उथळ पाण्यांतील होडीखालीं मोठ्या पंख्यास जागा नसते.

नव्या शोधकांचें लक्ष गेलें आहे तें पात्याच्या टोंकाकडे. पात्याच्या एका अंगास दाब अधिक व दुसऱ्या अंगास कमी असल्यामुळें पाणी टोंकावरून पलीकडे निसटतें आणि भोंवरा उत्पन्न होतो. त्या भोंवऱ्यांत शक्ति फुकट जाते, शिवाय आवाज होतो. अमेरिकेंतील ग्रेगरी शॅरो यांच्या पंख्यांत पातें बाहेर जाऊन, वळसा घेऊन, पुन्हां मधल्या तुंब्याला येऊन मिळतें. मोकळें टोंक उरतच नाहीं. युक्ति खरोखर सुंदर आहे.

परंतु तिची किंमत कांहीं हजार डॉलर पडते, आणि फायदा सर्व वेगांत सारखा नसतो. शिवाय कोंकणच्या किनाऱ्यावर जाळें वा दोर पंख्यांत अडकणें नित्याचें; साधें पातें वांकलें तर तें ठोकून सरळ करतां येतें, कड्यासारख्या पात्याचें तसें नाहीं. मासेमाराच्या दृष्टीनें ही गोष्ट तेलाच्या बचतीइतकीच महत्त्वाची आहे.

तेव्हां ज्यास नवा पंखा घ्यावयाचा असेल त्यानें प्रथम होडीच्या तळाचें शेवाळ व कालवें खरवडून काढावीं. मग जुन्या पंख्यावर तेंच ओझें घेऊन मोजलेलें अंतर जातां-येतां दोन्हीं बाजूंनीं तोडावें, म्हणजे भरती-ओहोटीचा परिणाम बव्हंशीं निघून जाईल; किती तेल लागलें तें टिपून ठेवावें, आणि नव्या पंख्यावर त्याच वेगानें तोच प्रयोग पुन्हां करावा.