उत्पन्नाची अट आणि आरोग्यविम्याचे छत्र

आजारपण कुटुंबाची मिळकत पाहून येत नाही; परंतु उपचाराचा खर्च पेलण्याची शक्ती मिळकतीवरच अवलंबून असते. म्हणूनच शासनाने हा भार उचलावयाचे ठरविले, तेव्हा लाभार्थी निवडण्यासाठी प्रथम उत्पन्नाचीच कसोटी लावण्यात आली.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगड असल्याने पनवेल तालुक्यातील कामोठे पहिल्याच टप्प्यात योजनेच्या कक्षेत आले. २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पात्र कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळत.

पात्रता ठरे ती शिधापत्रिकेच्या रंगावरून. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेली कुटुंबे पात्र, तर पांढरी शिधापत्रिकाधारक सर्वसाधारणपणे अपात्र होते. केशरी शिधापत्रिकेसाठी कौटुंबिक उत्पन्नाची वार्षिक मर्यादा एक लाख रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८,३३३ रुपये. घरातील दोघे प्रत्येकी पाच हजार रुपये मिळवीत असले, तरी वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये होऊन मर्यादा ओलांडली जाई. सिडकोने वसविलेल्या कामोठ्यासारख्या वसाहतीत घरभाडे, प्रवास व शिक्षण यांचा खर्च भागविताना अशा कुटुंबास हृदयशस्त्रक्रियेचा खर्च झेपणे अशक्यच होते.

ही उणीव ओळखून २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेची व्याप्ती वाढविण्यात आली. १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना अंमलात आली. विमासंरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपये झाले आणि पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांचाही समावेश झाला. शिधापत्रिका नसल्यास अधिवास प्रमाणपत्राची सोय ठेवण्यात आली. अशा रीतीने या योजनेपुरती उत्पन्नाची अट संपुष्टात आली.

तथापि, अन्यत्र ती कायम आहे. राज्य कामगार विमा योजनेत १ जानेवारी २०१७ पासून मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये झाली. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. तेथे रुग्णाचे उत्पन्न पाहिले जाते व त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला उपयोगी पडतो. या निरनिराळ्या अटींची गल्लत होऊ देता कामा नये.

नियम बदलला तरी जुनी समजूत लवकर जात नाही. ‘आपली शिधापत्रिका पांढरी आहे’ म्हणून एखादे कुटुंब कर्ज काढून उपचार घेत असेल, तर हे संरक्षण त्याच्यापुरते व्यर्थ ठरते. कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. तेथील नगरसेवकांनी व शिक्षकांनी, तसेच ग्रामीण भागात पंचायत सदस्यांनी दोन गोष्टी लोकांपर्यंत पोहोचवाव्यात. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव शिधापत्रिकेत वेळीच नोंदविलेले असावे. आणि योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात दाखल होताना प्रथम तेथील आरोग्यमित्रास भेटावे.